दर्शनाच्या क्षणी मन कोठे असते?



या पुस्तिकेच्या आधीच्या पानांवर दर्शनाच्या वेळा, अभिषेकाची नोंदणी, भक्तनिवास आणि महाप्रसाद यांची माहिती आपण वाचली असेल. ती माहिती पायांना उपयोगी पडणारी आहे. बारीत कोठून शिरावे, पादत्राणे कोठे ठेवावीत, कोणत्या दाराने बाहेर पडावे हे एकदा कळले की पाय आपले काम चोख करतात आणि भाविकाला गाभाऱ्यापर्यंत आणून सोडतात. मनाचे तसे नाही. ते घरून बरोबर निघालेले असते, परंतु बरोबर पोहोचलेले असतेच असे नाही. प्रस्तुत लेख या मागे रेंगाळणाऱ्या सहप्रवाशाविषयी आहे.

गर्दीच्या दिवशी श्रींसमोर उभे राहावयास मिळतात ते चार-पाच क्षण. त्यासाठी कोणी रात्रभर एस.टी.ने प्रवास केलेला असतो, कोणी पहाटे तीनपासून बारीत उभा असतो. आमच्या कार्यालयाची खिडकी बाहेर पडण्याच्या दाराशेजारी असल्यामुळे दर्शन घेऊन येणाऱ्यांचे पहिले उद्गार गेली अनेक वर्षे माझ्या कानांवर पडत आले आहेत. "नीट दिसलं का तुला?" हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा ऐकू येतो. त्याच्या खालोखाल ऐकू येतो तो, "चपलांचा बिल्ला तुझ्याकडं आहे ना?" यावर हसण्याचा अधिकार निदान मला तरी नाही. तो का नाही, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची, मार्गशीर्षातील गोष्ट. दुपारची वेळ होती. एक वृद्ध बाई कार्यालयाच्या पायरीवर येऊन टेकल्या. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना मंदिराच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, आणि चाकाच्या खुर्चीसाठी आज जो उतार आहे तो त्या वेळी झालेला नव्हता. बरोबरची मंडळी वर गेली होती. मी समोरून येताना पाहून त्यांनी हाक मारली, "दादा, तुमी आत्ताच वरनं आलात न्हवं? आज देवाला वस्त्र कंच्या रंगाचं हाय?"

मी खरोखरच पाच मिनिटांपूर्वी गाभाऱ्यातून आलो होतो. अभिषेकाच्या यादीतील नावे आणि कार्यालयातील पावत्या यांचा मेळ बसत नव्हता, म्हणून पुजाऱ्यांसमोर उभे राहून नावे मोजून आलो होतो. श्रींपासून तीन हातांवर उभे राहून मी ती मोजली. एकेचाळीस भरली. हा आकडा मला आजही आठवतो. वस्त्राचा रंग मात्र काही केल्या आठवेना. वीस वर्षांहून अधिक काळ, दिवसातून तीन-चार वेळा मी त्या मूर्तीसमोरून जात आलो होतो. "माहीत नाही" म्हणण्याची लाज वाटली आणि मी सांगून मोकळा झालो, "पिवळं आहे, आजी. पीतांबर."

त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि कितीतरी वेळ त्या तशाच बसून राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरही मी क्वचितच पाहिले आहे. मला राहवेना. मी पुन्हा वर गेलो. श्रींच्या अंगावर त्या दिवशी कोणा भाविकाने नवसाचे म्हणून वाहिलेले गर्द हिरवे, रुंद जरीकाठाचे वस्त्र होते. गर्दीतून वाट काढत खाली येईतो पंधरा मिनिटे लोटली. पायरी रिकामी होती.

त्यांनी न पाहता पाहिले आणि मी पाहूनही पाहिले नाही, असे म्हणून हा प्रसंग कीर्तनात रंगवता येईल. मला मात्र त्याचा उलगडा हवा होता. डोळे शाबूत असताना, समोर समया तेवत असताना, एवढे गर्द हिरवे वस्त्र माणसाला दिसू नये, हे घडते तरी कसे?

बी.ए.ला मानसशास्त्र हा माझा एक विषय होता. पाठ्यपुस्तकात एका प्रकरणाचे नाव 'अवधान' असे होते. त्या वेळी तो शब्द परीक्षेपुरता पाठ केला. पुढे पारायणाच्या निमित्ताने ज्ञानेश्वरी हाती घेतली तेव्हा ध्यानात आले की हा शब्द पाठ्यपुस्तककारांनी घडवलेला नाही. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर महाराज श्रोत्यांकडे धन, मान, सेवा यांतले काहीएक मागत नाहीत; एक अवधान मागतात, आणि ते दिले तर सर्व सुखाचे अधिकारी व्हाल, असे प्रतिज्ञेवर सांगतात. शके १२१२ मधील ही मागणी आहे. त्यानंतर सहाशे वर्षांनी, १८९० साली, अमेरिकेतील विल्यम जेम्स यांचा मानसशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात अवधानावर एक प्रकरण आहे आणि सवयीवर दुसरे. एका गोष्टीकडे लक्ष देणे म्हणजे बाकीच्या गोष्टींपासून ते काढून घेणे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. आपले जागे मन कंदिलासारखे चहूकडे उजेड पाडत नाही. ते बॅटरीसारखे आहे. झोत जेथे पडेल तेवढेच उजळते, आणि मी तो झोत यादीवर धरला होता.

डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या संशोधकांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आता बराच प्रसिद्धी पावला आहे. पांढरे आणि काळे सदरे घातलेले दोन चमू चेंडू फेकत आहेत, असे चित्रीकरण लोकांना दाखवण्यात आले. एका चमूने किती वेळा चेंडू फेकला ते मोजावे, अशी सूचना होती. मध्येच गोरिलाचा वेष केलेली एक व्यक्ती खेळाडूंच्या मधोमध येते, समोर तोंड करून छाती बडवते आणि निघून जाते. पाहणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. दृष्टी कोणाचीही अधू नव्हती. सर्वजण मन लावून मोजत होते, एवढेच. हे वाचले तेव्हा माझी ती एकेचाळीस नावे मला आठवली.

परंतु एवढ्याने उलगडा पुरा होत नाही. झोत कोठे वळवावयाचा हे तरी सर्वस्वी आपण ठरवतो का?

मंडपातील ध्वनिक्षेपकाचा विचार करा. उत्सवाच्या दिवसांत तो दिवसभर बोलत असतो. देणगीदारांची नावे, प्रसादाची वेळ, हरवलेली मुले, सापडलेल्या पिशव्या. बारीतील कोणीही ते ऐकत नसते. तरीही एखाद्या मुलाचे नाव उच्चारले जाते आणि शेकडो माणसांच्या कोलाहलातून एकच आई झटक्याने मान वर करते. ती ऐकत नव्हती, मग ऐकले कोणी? इंग्लंडमधील कॉलिन चेरी यांनी १९५३ साली दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवून या प्रश्नाचा मागोवा घेतला होता. एका कानातील भाषण मोठ्याने म्हणत राहिलेल्या माणसाला दुसऱ्या कानात काय सांगितले गेले ते जवळजवळ काहीच सांगता येत नसे. बोलणारा आवाज पुरुषाचा होता की स्त्रीचा, एवढे कळे. शब्द कळत नसत. पुढे १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव घातले, तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आले. याचा अर्थ असा की ज्या दाराकडे जाग्या मनाची पाठ असते त्या दारावरही एक द्वारपाल बसलेला असतो. आलेल्या-गेलेल्याची तो आपल्याला न कळता छाननी करतो आणि त्यातले निवडक तेवढेच आत सोडतो. मानसशास्त्र त्या प्रदेशाला अबोध मन म्हणते.

द्वारपालाजवळची यादी कोणी लिहिली, हा खरा प्रश्न आहे, आणि तेथे आपल्या परंपरेने फार बारकाईने पाहिले आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत आणि त्यांवरील व्यासभाष्यात चित्तात उठणाऱ्या तरंगांना वृत्ती म्हटले आहे. प्रत्येक वृत्ती विरते, पण विरताना आपला ठसा मागे ठेवते. तो संस्कार. संस्कार गप्प राहत नाही. संधी मिळताच आपल्या जातीची वृत्ती पुन्हा उठवतो. वृत्तीतून संस्कार आणि संस्कारातून वृत्ती, असे हे चक्र अहोरात्र फिरत असते, असे भाष्यकार सांगतात. ज्याकडे आपण काल वारंवार लक्ष दिले, ते आज न बोलावता लक्ष ओढून घेते. बिल्ल्याची आठवण श्रींसमोर येते ती मनुष्य अश्रद्ध असतो म्हणून नव्हे. गेले चार तास त्याने बिल्ला चार वेळा चाचपलेला असतो.

येथे एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे होईल. आजच्या शास्त्रातील अबोध मन आणि योगशास्त्रातील संस्कार हे एकच होत, असे मी म्हणत नाही. संस्काराच्या कल्पनेत पूर्वजन्माचा विचार अंतर्भूत आहे, तो प्रयोगशाळेच्या कक्षेबाहेरचा आहे. तसेच मनुष्य मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो आणि ध्यानाने उरलेला जागा होतो, असे विधान अनेक धार्मिक पुस्तिकांतून छापलेले आढळते. त्यास काही आधार नाही. या पुस्तिकेच्या मजकुरासाठी आलेल्या एका लेखातून ते वाक्य मी स्वतः काढले आहे. खऱ्या गोष्टीला खोट्याचा टेकू देऊ नये.

आता उपायाकडे वळू. सर्वांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे मनाला दरडावणे. श्रींसमोर उभा राहून भाविक स्वतःला बजावतो, "आता दुसरा विचार नको." त्याचे काय होते ते आपल्या आजीने सांगितलेल्या गोष्टीत आहेच. वैद्यबुवांनी पुडी दिली आणि पथ्य सांगितले, औषध घेताना माकडाची आठवण काढू नका. त्या रोग्याला आयुष्यात कधी पुडी घेता आली नाही. पुडी उघडली की माकड हजर! डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली नेमका हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला. अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर समोरची घंटा वाजवा, असे सांगितल्यावर घंटा वाजत राहिली. पुढे त्याच लोकांना अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिली, तेव्हा आरंभापासून मोकळीक असलेल्या लोकांपेक्षाही त्यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. विचार आला की नाही यावर पहारा ठेवावयाचा तर पहारेकऱ्याला त्या विचाराची ओळख सतत मनात बाळगावी लागते. दडपणारे मन दडपलेल्या गोष्टीला असे जागे ठेवते.

माकडाचा विषय निघालाच आहे, तर सहाव्या अध्यायातील अर्जुनाची तक्रार आठवावी. ज्ञानेश्वर महाराजांचा अर्जुन विचारतो, माकड कधी समाधीला बसेल काय, आणि थांब म्हटल्याने झंझावात थांबेल काय? भगवंत त्याला खोटे पाडत नाहीत. मन चंचल आहे हे ते मान्य करतात आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. पण ज्ञानेश्वर महाराज भगवंतांच्या मुखी आणखी एक गोष्ट घालतात, आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे सबंध विषयाची किल्ली तीच आहे. ते म्हणतात की या मनात एक गुण चांगला आहे: जेथे त्याला एकदा गोडी लागते तेथे ते सोकावते. ज्याला आपण मनाचा दोष मानतो त्याच दोषाच्या खुंटीला त्यांनी दोर बांधला. सोकावलेले गुरू रोज त्याच शेतात शिरते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याला हाकलत बसण्यापेक्षा दावणीतच हिरवा चारा टाकावा.

व्यासभाष्यात चित्ताला दोन्हींकडे वाहणारी नदी म्हटले आहे. एक प्रवाह कल्याणाकडे जातो, एक विषयांकडे. वैराग्याने एका बाजूचा ओघ अडवावयाचा आणि अभ्यासाने दुसऱ्या बाजूचा उघडावयाचा. माझे बालपण खेड्यात गेले. रात्रीच्या पाळीला वडिलांबरोबर दारे धरावयास मी जात असे. पाणी पाटाने येते. एका वाफ्याचे तोंड मातीने बंद करावयाचे, दुसऱ्याचे फोडावयाचे. पाण्याशी भांडण नसते. मात्र कंदील घेऊन जागे राहावे लागते, कारण डोळा लागला की पाणी जुन्याच वाटेने फुटते, आणि फुटले की उठून पुन्हा माती ओढावी लागते. ज्या ज्या ठिकाणी मन निसटेल तेथून तेथून त्याला परत आणावे, असे गीतेने सहाव्या अध्यायात सांगितले आहे ते हेच काम. निसटूच देऊ नये, असे गीता म्हणत नाही, हे मला फार दिलासा देणारे वाटते. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली २२५० प्रौढ माणसांना त्यांच्या मोबाइलवर वेळीअवेळी विचारून पाहिले की आत्ता तुमचे मन हातातल्या कामात आहे काय. सुमारे ४७ टक्के वेळा ते दुसरीकडे होते, आणि दुसरीकडे असताना माणसे कमी सुखी असल्याचे आढळले. तेव्हा बारीत उभ्या असलेल्या भाविकाने आपलेच मन तेवढे भटके आहे असे समजून खट्टू होऊ नये.

आता घरातील एक गोष्ट सांगतो. आमच्या मातोश्री शेवटची काही वर्षे स्मृतिभ्रंशाने आजारी होत्या. मला त्या आपला धाकटा भाऊ समजत आणि "कधी आलास रे?" म्हणून दिवसातून दहा वेळा विचारीत. सकाळचे जेवण दुपारी स्मरत नसे. परंतु दिवेलागण झाली, कोणी देवापुढे निरांजन लावले, की त्यांचा हरिपाठ सुरू होई आणि अखेरपर्यंत एक शब्द चुकत नसे. डॉक्टरांनी समजावून सांगितले की ताज्या घटना साठवणारी मेंदूतील व्यवस्था या आजारात आधी ढासळते. वर्षानुवर्षे घोटलेले पाठांतर आणि गाणी पुष्कळदा खूप उशिरापर्यंत टिकतात. हे शास्त्र मी नम्रपणे मान्य करतो. पण मला चकित केले ते निराळ्याच गोष्टीने. एका विशिष्ट अभंगाशी आल्यावर आईचा आवाज पूर्वीपासून संथ होई, जणू तेथे तिला थोडे बसावेसे वाटे. मुलाचे नाव विसरलेल्या त्या माउलीचा आवाज त्या ठिकाणी अखेरपर्यंत तसाच संथ होत राहिला. शब्दांबरोबर त्या शब्दांपाशी तिने दिलेले अवधानही आत उतरले होते.

तोच हरिपाठ मीही लहानपणी तिच्याशेजारी बसून म्हटला आहे. १९८३ च्या २५ जूनची संध्याकाळ. लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता, शेजारच्या ओट्यावर रेडिओ लावला होता आणि आपले गडी एकामागून एक बाद होत होते. माझे ओठ हरिपाठ म्हणत होते आणि कान ओट्यावर होता. सामना आपण जिंकलो, तो आनंद आजही आहे. परंतु चाळीस वर्षे होऊन गेली तरी हरिपाठ म्हणताना एका ठराविक जागी मला ते समालोचन ऐकू येते. अबोध मनाने माझे पाठांतरही जपले आणि माझे दुर्लक्षही तितक्याच निष्ठेने जपले. तो कारकून कोणतीही पावती फाडून टाकत नाही.

एकाच सवयीची ही दोन रूपे आहेत. रोजच्या सवयीने आईच्या ठायी हरिपाठ राखला आणि रोजच्याच सवयीने माझ्यापासून श्री लपवले. मग भेद कशात आहे? पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी लागतात असे सांगितले आहे. दीर्घ काळ, अखंडपणा आणि सत्कार. पहिल्या दोन माझ्यापाशी भरपूर होत्या. वीस वर्षे म्हणजे काही थोडा काळ नव्हे, आणि रजेचे दिवस वगळता खंडही नव्हता. तिसरी नव्हती. सत्कार म्हणजे आदराने, आस्थेने करणे. आई हरिपाठाला बसण्यापूर्वी चुलीवरचे उतरवून ठेवी, हात धुऊन पदराला पुसे आणि मगच टाळ घेई. तेवढे एक मिनिट ती त्या कामाला मान देई. मी श्रींच्या दारात पाऊल टाकताना हातातली यादी चाळत असे. आठवडाभराने, वर्षाने, वीस वर्षांनी द्वारपालाने त्यावरून जो निष्कर्ष काढावयाचा तो काढला. येथे लक्ष देण्यासारखे काही नाही, असे मीच त्याला शिकवले होते.

समर्थांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक रचले, पण आरंभी त्याला शिव्या दिल्या नाहीत. सज्जन म्हणून हाक मारली. मनाचाही सत्कार असतो, हे आम्ही लोक विसरतो.

भाविकहो, आपणास येथे एक-दोन तास बारीत उभे राहावयाचे आहे. तो वेळ वाया जाणारा नाही. श्रींसमोरचे चार क्षण कसे जातील ते बहुतांशी त्याच वेळात ठरते. म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. परतीची एस.टी., खोलीची किल्ली, बिल्ला कोणाकडे, हे बारीत शिरण्यापूर्वीच ठरवून टाकावे, आणि बिल्ला पदराच्या गाठीत किंवा खिशात एकदा ठेवल्यावर पुन्हा चाचपू नये. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवावा. गाभाऱ्यात छायाचित्रणास मनाई आहे ती केवळ शिस्तीसाठी नाही. श्रींकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढणारे भाविक आम्ही पाहिले आहेत. नवस, गाऱ्हाणी, मुलाच्या नोकरीची विनंती हे सारे बारीतच सांगून घ्यावे, देवाला तेथूनही ऐकू येते. तसे केले म्हणजे समोर गेल्यावर मागण्यांची यादी वाचण्यात वेळ जात नाही. पुष्कळांना श्री दिसताच डोळे मिटून घेण्याची सवय असते. भाव समजतो. पण चार तास ज्यासाठी उभे राहिलात ते समोर असताना डोळे उघडे असू द्यावेत, मिटावयास मंडपात भरपूर जागा आहे.

आणि काय पाहावयाचे ते एकच ठरवून जावे. चरण, नेत्र, वस्त्र, कपाळावरील गंध, काहीही. चित्ताला एका स्थळी बांधणे यालाच योगशास्त्रात धारणा म्हटले आहे. सर्व मूर्ती एका दृष्टिक्षेपात साठवू म्हणणाऱ्याच्या हाती पुष्कळदा पुढच्या माणसाची टोपी लागते. नाम घेत उभे राहाल तर ते मोजण्याची घाई नको. मन निसटले, बायकोशी वाद झाला, मूल रडले, तर जेथे सुटले तेथून पुन्हा धरावे. बाहेर आल्यावर लगेच प्रसादाच्या रांगेकडे न धावता ओवरीत दोन मिनिटे बसावे आणि काय पाहिले ते मनात एकदा पुन्हा पाहावे. घरी देवापुढे बसताना तीच खूण आठवावी. पुढच्या वर्षी याल तेव्हा ती बारीतच आपल्याला भेटावयास येईल.

मी स्वतः काय केले, तेही सांगणे भाग आहे. त्या मार्गशीर्षानंतर मी गाभाऱ्यात यादी नेत नाही. कामासाठी जावयाचे असले तरी उंबऱ्याशी थांबतो, कागद खिशात घालतो, श्रींकडे पाहतो आणि मग बोलतो. पहिले काही महिने याचा नुसता कंटाळा आला, हे लपवीत नाही. पुष्कळ दिवस विसरून आत शिरलो आणि परत उंबऱ्यापर्यंत आलो. पुजारी हसत असत. त्या आजी पुन्हा येतील म्हणून मी पुढची दोन वर्षे मार्गशीर्षात पायरीकडे पाहत राहिलो. त्या आल्या नाहीत. आल्या असल्या तर मला ओळखू आल्या नाहीत.

पायऱ्या चढू न शकणाऱ्या भाविकांसाठी कार्यालयाच्या दाराशी आता एक फळा लावलेला आहे. सकाळची पूजा झाल्यावर श्रींचे त्या दिवसाचे वस्त्र, त्याचा काठ, फुले आणि अलंकार यांची नोंद त्यावर खडूने केली जाते. ती नोंद गाभाऱ्यात जाऊन, पाहून, मी स्वतः करतो. ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्यांनी खिडकीशी विचारावे. वाचून दाखवले जाईल.